निलव्वाच्या हातचं बी

मंद्रूपच्या शिवारात मका टोकायचा म्हटलं की निलव्वाला बोलावणं यायचं. तिच्या हाताला गुण आहे असं लोक म्हणत, आणि ती कधी नाही म्हणत नसे. या मानाशिवाय तिच्याकडे मिरवायला दुसरं काही नव्हतं.

यंदा शेतमालक अभिमन्यूनं आणलेलं बी गुलाबी निघालं. भुईची ओटी स्वच्छ बियानं भरायची, ही निलव्वाच्या सासूपासूनची रीत. तिनं बी खळखळून धुतलं, पिवळंधमक केलं आणि टोकलं. बांधापलीकडचा तुकडा अभिमन्यूच्या बायकोनं, सृष्टीनं टोकला. तिनं धुवायचा कंटाळा केला.

सृष्टीचा मका कमरेला लागला. निलव्वाच्या मक्यावर तुडतुडे बसले, पानांवर पिवळे पट्टे आले आणि वाढ गुडघ्याशीच थांबली.

"अक्का, त्यो गुलाबी रंग म्हंजे औषध हुतं," अभिमन्यू म्हणाला. "ते रोपात उतरतं आन तुडतुडे मारतं. रोग तुडतुडेच आणत्यात. तुमी औषधच धुतलं की."

"मग पिशवीवर लिवायचं न्हाय व्हय?"

"लिवलंय की."

निलव्वा पट्ट्यांकडे बघत राहिली. "म्हंजे पुढच्या बारीला सृष्टीच टोकणार."

"न्हाय, तुमीच. तुमी टोकलेलं तर एकूणएक उगवलं. फकस्त धुयाचं न्हाय, आन हातमोजे घालायचे."

रब्बीला निलव्वानं बांगड्या मागं सारून हातमोजे चढवले, सरीला नमस्कार केला आणि टोकायला वाकली.

"अक्का, हातमोज्यातनं गुण उतरतो व्हय?" शेजारणीनं विचारलं.

"औषध अडतं म्हणत्यात," निलव्वा म्हणाली. "गुणाचं उगवल्यावर बघू."