माशांच्या पेटीसाठी वाळू

मी तलाठी आहे. गिरणा नदीकाठी चोरट्या वाळूचे ट्रॅक्टर पकडणं हे माझं काम, आणि माशांच्या पेटीपुरती वाळू मिळवताना माझ्याच नाकी नऊ आले.

मुलगा शिकायला पुण्याला गेला आणि घर मुकं झालं. बायकोने जळगावहून काचेची पेटी आणली, सोबत थोडे मासे. त्यातला एक बोटाएवढा, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा. तो तळ सोडायचा नाही. दुकानदार म्हणाला, हा वाळूत शिरून बसणारा मासा आहे. रंगीत खडीने याचं अंग सोलवटतं. बांधकामाची क्रश सँड दगड फोडून केलेली, तिलाही धार असते. याला नदीची बारीक वाळूच हवी. दुकानात ती पिशवीत मिळत होती, पण भाव ऐकून बायकोने पिशवी गुपचूप जागेवर ठेवली.

"नदी दारात, आणि वाळू विकत?" घरी आल्यावर ती म्हणाली. पण दुसऱ्यांचे ट्रॅक्टर अडवणाऱ्याने कोणत्या तोंडाने नदीत पिशवी घेऊन उतरायचं? हे रडगाणं मी चहाच्या टपरीवर गायलो. तलाठ्याला वाळू मिळेना म्हटल्यावर हशा पिकला. मीही हसलो. हसणाऱ्यांत कोण कोण होतं, ते मी पाहिलं नाही.

त्याच आठवड्यात एका सकाळी मी वाळूने भरलेला ट्रॅक्टर पकडला आणि तहसीलच्या आवारात आणून लावला. मोजमाप आणि पंचनामा दुसऱ्या दिवशी होणार होता. दुपारी जेवायला घरी गेलो, तर बायको पेटीसमोर बसलेली. तळाशी सोनेरी, मऊ वाळू पसरली होती आणि तो पट्ट्यांचा मासा तिच्यात निम्मा शिरून नुसतं तोंड बाहेर काढून होता.

"बघा, कसा रमलाय," ती म्हणाली. "बरं झालं तुम्ही पाठवलीत."

"मी? कोणी आणली?"

"एक जण गोणी ठेवून गेला. भाऊसाहेबांनी सांगितलंय म्हणाला. मी निवडली, चाळली, पाणी नितळ येईपर्यंत धुतली."

तेवढ्यात फोन वाजला. सकाळच्या ट्रॅक्टरचा मालक होता.

"भाऊसाहेब, वहिनीले वाळू आवडनी ना?" एवढंच बोलला. ट्रॅक्टरचं नावही काढलं नाही. काढायची गरज नव्हती.

पंचनाम्यात मी वाळू जेवढी आहे तेवढीच लिहिली, तरी उद्या गावभर होणार होतं की तलाठ्याच्या घरी गोणी पोचली. इतक्या वर्षांत कोणाचा फुकट चहा प्यायलो नव्हतो, आणि एका गोणीत सगळं मातीमोल होणार होतं. फेकून दिली असती तर घेतली नाही हे कोणी मानलं असतं? ती जिथली तिथेच, चारचौघांदेखत जायला हवी होती.

"मासे काढ," मी म्हणालो. "ही वाळू आत्ता परत जातेय."

तिला कळलं होतं, आणि आपल्याच हाताने हे झालं म्हणून तिचा चेहरा उतरला होता. तिने जाळीने एकेक मासा बादलीत सोडला. मी तांब्याने वाळू उपसू लागलो. पाणी गढूळ झालं.

"थांबा," ती म्हणाली. "तो पट्ट्यांचा दिसत नाही."

"असेल बादलीत. तळाशी बसला असेल." मी हात थांबवला नाही. मला घाई होती, आणि राग कोणावर काढावा हे कळत नव्हतं.

ओली गोणी मोटरसायकलच्या टाकीवर घेऊन निघालो. पाणी गुडघ्यांवरून गळत होतं. वाळूची गोणी घेऊन चाललेला तलाठी! समोरून वाळूचोर पकडणाऱ्या पथकाची जीप आली तेव्हा मी गाडी कडेला घेतली. जीप निघून गेली. आवारात पोचलो, वॉचमनला हाक मारली आणि त्याच्यासमोर गोणी त्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत रिकामी केली. का, कोणाची, सगळं त्याला मोठ्याने सांगितलं. त्या क्षणी फार हलकं वाटलं.

सकाळी मोजमापाला मालक आला. पंच उभे होते. ट्रॉलीत एका कोपऱ्यात वाळू अजून ओलसर होती. तो तिकडे बघत राहिला, मग वाकून त्याने काहीतरी उचललं आणि तळहात माझ्यापुढे धरला. पिवळे-काळे पट्टे वाळूने माखले होते.

"भाऊसाहेब, वाळू तुम्ही सारी वापस करी," तो हळू आवाजात म्हणाला. "पन हाऊ मासा तुमना शे."

त्याने टोमणा मारला नव्हता. मारला असता तर बरं झालं असतं. मी मासा रुमालात घेतला. पंचनामा झाला, त्याने मुकाट सही केली.

दुपारी घरी गेलो तेव्हा बायको अजून बादलीतलं पाणी तांब्यातांब्याने परातीत ओतून बघत होती. मी रुमाल उघडला.

"कुठे होता?"

"वाळूतच."

"मी थांबा म्हटलं होतं," ती म्हणाली, आणि परातीतलं पाणी परत बादलीत ओतलं.