फॅक्सचा रकाना

आमच्या पशुखाद्याच्या कंपनीत फॅक्स मशीन मी कधी पाहिलं नाही. पण दुकानदारांच्या यादीत प्रत्येकाच्या नावापुढे फॅक्स क्रमांकाचा एक रकाना मात्र होता. बसवकल्याणच्या डेपोत संगणकासमोर बसून मी त्या रकान्याचा भरपूर उपयोग केला, कारण त्यात काहीही लिहिलं तरी चालायचं. ‘पावसात गाडी नाल्यापर्यंतच.’ ‘अमावस्येला इथले हमाल पोती उचलत नाहीत.’ ‘मालकांना कमी ऐकू येतं, हॉर्न वाजवत राहा.’ असल्या गोष्टींना हेड ऑफिसच्या यादीत जागा नव्हती आणि आमचं त्यांच्यावाचून एक दिवस भागत नव्हतं.

कोहिनूर गावाकडच्या एका खेड्यात पेंडीचं दुकान चालवणाऱ्या अक्काच्या नावापुढे लिहिलं होतं, ‘अकरा ते तीन दुकान बंद. शाळेत.’ अक्का गावच्या शाळेत बिसीऊट शिजवायची, म्हणजे पोरांचं दुपारचं गरम जेवण. नवरा सोलापूरला कामाला. सकाळ-संध्याकाळ दुकान आणि मधल्या वेळेत शाळेचं पातेलं, असं तिचं वर्षानुवर्षं चाललं होतं. एवढी दगदग कशाला करतेस, असं मी एकदा विचारलं होतं. “दुकानात माणसं भाव पाडून मागत्यात, शाळेत पोरं वाढून मागत्यात,” ती म्हणाली. “मला तेच बरं वाटतंय, म्याडम.”

मग हेड ऑफिसने ठरवलं की मास्टर डेटाचा, म्हणजे दुकानदारांच्या मूळ यादीचा, मालक एकच असणार, आणि तो बेंगळुरूला बसणार. त्यांचं अगदीच चूक होतं असं नाही. वर्षभरापूर्वी बुरशी लागलेला माल परत मागवायचा होता, तेव्हा आळंदच्या एका दुकानाच्या तीन नोंदी निघाल्या. तिघांनी आपापल्या सोयीने केलेल्या. निरोप जुन्या नंबरवर गेला, दुकानदाराला कळलं नाही आणि कुणाची तरी म्हैस आठवडाभर आडवी पडली. त्या तीनपैकी एक नोंद मीच केलेली होती. तेव्हापासून हेड ऑफिसच्या साहेबांसमोर माझा आवाज जरा खालीच असायचा.

एके दिवशी त्यांची एक लांबलचक यादी आली. फॅक्सच्या रकान्यात आकडे सोडून जे काही लिहिलंय ते सारं पुसणार, हरकत असेल तर पाच दिवसांत कळवा. मी पहिली दोन पानं वाचली. त्या आठवड्यात असल्या चार याद्या येऊन गेल्या होत्या, डोळे चुरचुरत होते, आणि आपलं तरी कोण ऐकतंय असंही मनात होतंच. मी ‘हरकत नाही’वर टिचकी मारली आणि जेवायला गेले. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. सगळ्यांना वाटतं, रकाना बेंगळुरूने पुसला.

जुना ड्रायव्हर असता तरी निभावलं असतं, त्याला सगळी गावं तोंडपाठ होती. पण त्याच महिन्यात गाड्यांचं कंत्राट बदललं. नवा ड्रायव्हर कलबुर्गीचा. भला माणूस, पण मोबाईल सांगेल तिथे सांगेल त्या वेळी जायचा. अक्काकडे तो तीन खेपा दुपारी साडेबाराला गेला. तिन्ही वेळा कुलूप. तिन्ही वेळा माल परत आणला, आणि तिसऱ्या खेपेनंतर संगणकाने अक्काचं नाव आपोआप बंद केलं. आता तिची मागणीच घेतली जाईना.

अक्का बसने डेपोत आली. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं.

“म्याडम, माझं नाव कामून काढलाव? माझं काय चुकलं?”

“तुझं काही चुकलं नाही, अक्का. वरून झालंय.”

“मग खालून लावा की परत. गिऱ्हाइकं दुसरीकडं जायलीत.”

तेच तर माझ्या हातात उरलं नव्हतं. मी अर्ज पाठवला. तो मंजूर व्हायला लागले तीन आठवडे, आणि त्यासाठी एक छापील फॉर्म भरून हवा होता. त्यात एक ओळ होती, दुकान सकाळी दहा ते संध्याकाळी सहा उघडं राहील. अक्काने ती मला दोनदा वाचून दाखवायला लावली.

“नुसती सही कर,” मी म्हणाले. “हे कुणी बघत नाही.”

तिने सही केली. नाव परत सुरू झालं आणि मला वाटलं, सुटले.

मग मी भांडायला घेतलं. ऑनलाइन बैठकीत साहेबांना म्हणाले, अमावस्या बेंगळुरूहून दिसत नाही. साहेब शांतपणे म्हणाले, “पण तुम्ही ती फॅक्सच्या रकान्यात लिहिलीत, तर आम्हाला ती अमावस्या आहे हे कळणार कसं?” मला राग आला, कारण त्यांचं बरोबर होतं. शेवटी अडीच महिन्यांच्या घासाघिशीनंतर वाटणी ठरली. नाव, परवाना, बँकेचा तपशील बेंगळुरूचा. रस्ता, सुट्टीचा दिवस आणि माल उतरवायची वेळ डेपोची. त्यासाठी वेगळे रकाने, आणि ते दर सहा महिन्यांनी तपासायची जबाबदारी माझी. साहेबांनी अभिनंदन केलं. मला फक्त झोप हवी होती.

नवा रकाना उघडला त्या सकाळी पहिला फोन मी अक्काला लावला. मोठ्या तोऱ्यात म्हणाले, आता तुझी वेळ रीतसर लिहिते, अकरा ते तीन गाडी येणार नाही.

“कवाबी पाठवा, म्याडम. मी दुकानातच हाय.”

“आणि शाळा?”

“सोडली की. सही केली त्याच्या दुसऱ्या दिवशीच सांगून आले मुख्याध्यापकांना. आता दुसरी बाई लागलीय.”

“अगं, मी म्हटलं होतं ना, कुणी बघत नाही म्हणून.”

“व्हय, म्हणलात. पण दहा ते सहा लिवलंय कागदावर, अन् खाली माझी सही हाय. लिवलं तर बसाया नको का?”

तिनेच मग विचारलं, ऊन फार आहे, हिरवा चारा संपलाय, पेंड कधी पाठवायलाव? उद्या, मी म्हणाले. फोन ठेवला आणि तिच्या नावापुढे, ज्या रकान्यासाठी अडीच महिने भांडले त्यात, ‘कधीही’ असं लिहिलं. संगणकाने ते लगेच मान्य केलं.