जिभेले न लावता

आमचे कवडूबाबा गेले त्याले आज सोळा दिवस झाले. भेटाले येते तो हरेक माणूस एकच गोष्ट काढते, का बुढ्यानं जिंदगीत दारू पेली नाई आन् तरी साहेबाच्या दारूचा मालक होता. अर्धं खरं आहे, अर्धं नाई. मालक नव्हते ते. नोकर होते. पुरी गोष्ट एक डाव लिवून ठेवली पायजे, नाईतर उद्या कोणी काईबी सांगन. तवा ते बाबा नव्हते, साधे कवडू होते, म्हणून इथं कवडूच म्हणतो. त्याईले राग येणार नाई.

कवडू कुही गावाकडचा. घरची धानाची बंधी, म्हणजे बांधाचं वावर. आंगणात पेव होतं, म्हणजे जमिनीत खोदलेला खड्डा, त्यात धान भरून वरून मातीनं लिंपून टाकत. पेव उघडलं, त्याले घडीभर वारा खाऊ देल्ला, का मंग कवडूले बलावत. तो वाकून एक श्वास घेये आन् सांगे, वरचं बेस आहे, खालच्या थराले ओल लागली. उकरून पाहिलं का तसंच निंगे. लोक म्हणत, देवानं याले डोये देल्ले दोन पण खरा डोया नाकात ठेवला.

एकवीस-बावीस वर्षाचा असताना नागपुरात आला. सिव्हिल लाइनच्या एका बंगल्यावर पंखा वढाचं काम भेटलं, मंग जेवणाच्या टेबलावर उभं राहाचं. राहाले बंगल्यामागं एक खोली. साहेब सचिवालयातला मोठा अंमलदार होता आन् त्याले दोन गोष्टीचा शौक, एक घोडे आन् दुसरी फ्रान्सची दारू. ते आपल्या मोहाच्या दारूवाणी घशात जाळ करणारी नव्हे. द्राक्षाची, लाल, जेवताना हळू हळू प्याची. आन् जेवण झाल्यावर एक गोड पांढरी. नाव पांढरी, रंग मधाचा.

एक डाव टेबलाजवळ उभा असताना कवडू चंद्रभानच्या कानात बोलला का हे बाटली बिघडली, ओल्या तरटाचा वास येऊन राहिला. चंद्रभान म्हणजे बंगल्याचा जुना बैरा, टेबलावर वाढणारा, तोंडानं फटकळ. तो म्हणे, गप राह्य, तुह्या बापानं पाहिली का कधी बाटली. तवर साहेबानं गिलास तोंडाले लावला आन् खाली ठेवून देल्ला. बाटली बदलवली. मंग साहेबानं दोघाईले इचारलं का काय कुजबुज चालू होती. चंद्रभाननं सारं सांगून टाकलं, त्याले वाटलं आता याची नोकरी गेली. झालं उलटंच. पुढच्या महिन्यापासून कवडू आबदार झाला. आबदार म्हणजे दारूची कोठी सांभाळणारा, कोणती बाटली काढाची ते निवडणारा, ओतणारा.

साहेबानं त्याले शिकवलं. चिठ्ठीवरचं वाचता येत नसे, पण बाटलीच्या अंगावरून तो ओळखाले लागला. बोर्डोची बाटली चौकोनी खांद्याची, शिपायावाणी. बर्गंडीची खांदे पाडून बसलेल्या बुढ्यावाणी. गोड पांढरी सोतर्न, तिची काच साफ, आतला रंग दिसाले पायजे म्हणून. गिलासात बोटभर घ्याची, फिरवाची, हुंगाची. मंग एक घोट तोंडात, जिभेवर खेळवाची, आन् पितळेच्या पिकदाणीत थुकून द्याची.

साहेब इचारे, कैसा है. कवडू आपल्या हिशोबानं सांगे. बोर्डोले म्हणे, जांभूळ खाल्लं का जीभ कशी कोरडी पडते, तशी हे धरते, आन् मागून तंबाखूचं सुकं पान येते. बोर्डो जुनी असन तर मोटेच्या चामड्याचा वास. बर्गंडीत पिकलं कवठ आन् ओला पालापाचोळा. आन् सोतर्न म्हणजे मध, संत्र्याचं वाळलं साल, आन् सकाळी झाडाखाली पडलेलं मोहफूल, तोडलेलं नाई, पडलेलंच. साहेबानं सांगतलं का सोतर्नचे द्राक्षं बुरशी येऊ देऊन मंगच तोडते. कवडूले पटलं नाई. दोन दिवस इचार करून मंग म्हणे, बरोबर आहे, बोर बी सुरकुतल्याशिवाय गोड होत नाई.

त्यानं कधी घोट गिळला नाई. त्याचं कारण त्याची बायको देवकी.

देवकी पारशिवनीची. तिचे वडील चंपतराव महानुभाव पंथाचे, उपदेश म्हणजे दीक्षा घेतलेले. त्याईच्या घरी मास नाई, दारू नाई. पण तिचा भाऊ भैयाजी, त्यानं उपदेश घेतला नव्हता. मोहाच्या भट्टीवर जाऊन बसे आन् म्हणे, पेत नाई गा, फक्त चाखून पाहतो, धार कशी उतरली ते. तीन वर्षं चाखून पाहिलं त्यानं. मंग पोट फुगलं, डोये पिवळे झाले, आन् गेला. बत्तीस वर्षाचा होता. म्हणून लग्नाच्या वक्ती चंपतरावनं कवडूचा हात हातात घेऊन वचन मांगतलं होतं का दारू पेणार नाई. कवडूनं देल्लं होतं. घरी त्यानं येवढंच सांगतलं होतं का साहेबाच्या बाटल्या सांभाळतो. चाखाचं सांगतलं नव्हतं. त्याच्या हिशोबानं थुकून देल्लं म्हणजे पेलं नाई, तर सांगाचं काय.

चवतीसच्या सालची गोष्ट. दिवाई झाली होती, त्याईची पोरगी यमू सहा महिन्याची होती. चंपतराव नातीले पाहाले आले. खोलीवर जाताना बंगल्याच्या मागच्या ओसरीतून गेले, तर कवडू गिलास तोंडाले लावून उभा, डोये मिटलेले. चंपतराव तिथंच उभे राहिले. कवडूनं थुकलेलं बी पाहिलं. खोलीत गेले, देवकीले म्हणाले, कपडे बांध.

कवडू धावत आला. त्यानं समजावून सांगाचा लय प्रयत्न केला, का मामाजी, एक थेंब पोटात जात नाई, पाहा तुमी पिकदाणी. चंपतराव पोरीचं गाठोडं उचलून दारात उभे होते.

"जवाईबापू, माह्या घरातून एक मयत निंगाली," ते म्हणाले. "तो बी चाखेच."

कवडू देवकीकडं पाहून राहिला, का हे तरी काई बोलन. देवकीनं लेकराच्या डोक्शावर पदर घेतला आन् म्हणाली, "मले बाबाची भीती नाई. तुमी एखाद्या दिवशी गिळान, त्याची आहे." आन् गेली.

पंधरा दिवसानं कवडू पारशिवनीले गेला. रामटेकच्या रेल्वेतून मधातच उतरून पुढं बैलबंडीनं. चंपतरावनं जेवू घातलं, मान केला, पण बोलणं एकच. नोकरी सोड. कवडू म्हणे, नोकरी गेली का खोली बी गेली, आन् कुहीले दोन भावाच्या बंधीत तिसऱ्याचं पोट भरत नाई. मंग बसल्या बसल्या त्यानं आपणच एक गोष्ट कबूल केली. जिभेले लावणार नाई. नुसतं नाकानं निवडन.

चंपतराव हासले. ते म्हणे, देवाले वाहाचं फूल हुंगलं तरी ते उष्टं होते, मंग हुंगणं म्हणजे काईच नाई असं कसं म्हणता. शेवटी असं ठरलं का बड्या दिवसापर्यंत, म्हणजे साहेब लोकाईच्या नाताळापर्यंत, त्यानं असं करून दाखवावं, मंग येऊन जे झालं ते खरं खरं सांगावं, आन् देवकी काय ते ठरवन. चंपतरावनं येवढी मुभा देल्ली ते पोरीच्या तोंडाकडं पाहून. ती त्या पंधरा दिवसात धड जेवली नव्हती.

कवडूनं परत येऊन साहेबाले सांगतलं का आता चाखणार नाई, माह्या घरचा धरम आहे. साहेबाले ते काई आवडलं नाई. तो म्हणे, बड्या दिवसाच्या खान्याले वीस पाहुणे आहे, एक बी बाटली खराब निंगाली तर तू परत पंख्यावर. कवडू म्हणे, ठीक आहे.

त्या साली कोठीची हालत बेकार होती. उनाळ्यात सारं सरकार पचमढीले जाये, साहेबबी जाये, पण बाटल्या इथंच. कोठीत रेती पसरून तिच्यावर पाणी मारत, दाराले वाळ्याच्या पडद्याची टट्टी. त्या वर्षी तपन अशी तपली का रेती दोन वक्त पाणी पिऊनबी कोरडी. कोणती बाटली वाचली आन् कोणती शिजली ते बाहेरून दिसत नसे.

खान्याच्या दिवशी दुपारी कवडूनं लालच्या बाटल्या एक एक करून उघडल्या. चंद्रभान बाजूले. गिलासात घे, फिरव, नाक घाल, बाजूले ठेव. चार बाटल्याईत लागलेल्या गुळाचा वास, त्या शिजलेल्या. एकीत तरट. एकीत आंबट शिरका. बाकीच्या चांगल्या. त्यानं चांगल्या वेगळ्या लावल्या. साहेब मधात आला, दोन चांगल्याईतून आन् एका खराब बाटलीतून आपण चाखून पाहिली, मान डोलावली आन् गेला. गोड पांढरीच्या दोन बाटल्या बी कवडूनं हुंगून बरफात लावून देल्ल्या.

सांजच्याले खाना बेस चालला. लालले कोणी नाव ठेवलं नाई. मंग मीठा, म्हणजे शेवटचं गोड, आला, गोड पांढरी फिरली, दोन्ही बाटल्या सरल्या, आन् टेबलाच्या टोकाचे पाच पाहुणे राहून गेले. साहेबानं बोट उचललं, और.

तिसरी बाटली चंद्रभाननं सकाळीच बरफाच्या बादलीत टाकून ठेवली होती, जुन्या पेटीतली. कवडूले सांगाचं राहून गेलं. बाहेर काढली तर बुडाशी चमकणारा चुरा. चंद्रभान म्हणे, काच फुटली, फेकून दे. कवडूनं उजेडाले धरून पाहिलं. काच नव्हती, दारूचीच खडी बसली होती, थंड जागी बसते तशी, तिनं काई बिघडत नाई. पण दारू शिजली का वाचली, ते सांगणं होतं. त्यानं उघडली, गिलासात घेतली, नाक घातलं.

काईच वास नाई.

बरफात दिवसभर पडून ते अशी गार झाली होती का वास आतच गोठला होता. पुन्हा फिरवली, पुन्हा हुंगली. नुसतं पाणी. दाराच्या पलीकडं पाच पाहुणे रिकामे गिलास घेऊन बसलेले, साहेबाची मान इकडं वळलेली. जिभेवर एक थेंब ठेवला असता तर येका घडीत समजलं असतं.

चंद्रभानले कवडूच्या घरचं सारं माहीत होतं. तो वळला आन् पाठ करून उभा राहिला.

"मी भिताडाकडं पाहून राहिलो," तो म्हणे. "चाख गा लवकर. पारशिवनीले कोणाले दिसते."

कवडूनं गिलास उचलला. होठापर्यंत नेला, हे त्यानं पुढं आपणच सांगतलं. मंग खाली घेतला, आन् डाव्या तळहातावर थोडीशी ओतली, आन् दोन्ही हात घसाघसा चोळले. बाजारात तूप पारखाचं असलं का बाया हातावर चोळून हुंगते ना, तसं. हात गरम झाले, दारू गरम झाली, आन् वास उघडला. संत्र्याचं साल. मध. मंग मागून मोहफूल, पडलेलं.

तो बाटली घेऊन आत गेला आन् पाचही गिलास भरले. साहेबानं आपलाबी पुढं केला, एक घोट घेतला, आन् गिलास खाली न ठेवता बाजूच्या मेमसाहेबाशी गोष्टी करत राहिला. कवडूले येवढं पुरं होतं.

दोन दिवसाची सुट्टी भेटली तसा तो पारशिवनीले गेला. ओसरीत चंपतराव, दाराआड देवकी, मांडीवर यमू. कवडूनं सारं सांगतलं. हाताचंबी सांगतलं आन् होठापर्यंत नेल्याचंबी सांगतलं. चंद्रभान भिताडाकडं पाहून राहिला होता ते सांगतलं तवा आत कोणीतरी हासलं.

चंपतराव हासले नाई. ते म्हणे, हाताले लागली म्हणजे आंगाले लागली. हुंगलं ते वेगळं, चोळलं ते वेगळं, आता तर तुमी दोन पायऱ्या खालीच उतरले. ते खोटं बोलून नव्हते राहिले.

देवकी बाहेर आली. बापासमोर ती जास्त बोले नाई, पण त्या दिवशी बोलली.

"बाबा, हाताले लागलं ते धुतलं जाते," ती म्हणाली. "भैयाजीच्या जिभेले लागलं ते कोणाले धुता आलं का?"

चंपतराव उठले आन् बंडीवाल्याले सांगाले गेले का उद्या सकाळी तीन जणाईले स्टेशनावर सोडाचं आहे.

कवडूनं पुढं तेरा वर्षं आबदारी केली, साहेब लोक निंगून जाईपर्यंत. सारी नाकानं. चंद्रभाननं त्याचं नाव नाकतोडा ठेवलं होतं, ते शेवटपर्यंत चाललं. चंपतराव नातवंडं पाहाले येत, पण बंगल्याच्या मागच्या ओसरीतून कधी आले नाई, फिरून रस्त्यानं येत.

देवकीनं विश्वास एका दिवसात ठेवला असं नाई. कवडू कामावरून आला का ती त्याले दारातच थांबवे आन् तोंड हुंगे. त्याचं नाक तेज, पण तिचंबी काई कमी नव्हतं. कवडू रोज थांबे, तोंड पुढं करे, कधी चिडला नाई. असं दीडएक वर्ष चाललं. मंग एक दिवस यमूले ताप होता, चुलीवर कण्या शिजून राहिल्या होत्या, आन् कवडू आला तसा दारात तोंड पुढं करून उभा राहिला. देवकीनं वळून पाहिलं.

"उभे काहून आहा?" ती म्हणाली. "हात धुवा. जेवाले बसा."