जाळीवरची लोकर

प्रयोगशाळेत हाइडरून क्रेचमर माझ्या समोरच्या टेबलाशी बसायची. अणुभट्टीतला पाण्याचा मोठा नळ फुटला तर पुढे काय होईल, हे ती संगणकावर मांडायची. उष्णता राखायला नळांभोवती दगडी लोकर, म्हणजे दगड वितळवून काढलेले धागे, गुंडाळलेली असते; वाफेच्या झोताने ती फाटते आणि पाण्याबरोबर तळाशी वाहत जाते. तेच पाणी जाळीतून ओढून पंप भट्टी थंड ठेवतात. ही लोकर जाळी बुजवते, की वाटेतच खाली बसते? हाइडरूनचं गणित म्हणालं, बसते. त्या भरवशावर दक्षिणेतली एक भट्टी चालू होती. आमच्या गावची कापडगिरणी बंद पडल्यावर तिचा धाकटा भाऊ हागेन तिथेच कामाला लागला होता.

एकदा त्या भट्टीतली जुनी लोकर आमच्याकडे आली, गरम नळांवर वर्षानुवर्षं भाजून निघालेली. मी ती चाचणीसाठीच्या काचेच्या पाटातल्या वाहत्या पाण्यात सोडली. ती बसेचना. पाणी गढूळ झालं, पाटाच्या टोकाच्या जाळीवर लोकरीची साय धरली आणि पंप घरघरून बंद पडला.

"पुन्हा कर," हाइडरून म्हणाली.

पुन्हा तेच झालं.

तिने आपलं गणित पुन्हा उघडलं. "मी सगळं नव्या लोकरीवर बेतलं, योआखिम. मला कसं सुचलं नाही?"

आमचे प्रमुख डॉक्टर लीबशर यांनी आकडे पाहून डोळे चोळले. "थंडीत वीज लागते. एवढा हिवाळा जाऊ द्या, क्रेचमरबाई, मग कळवू."

"आणि हिवाळ्यातच नळ फुटला तर?"

"इतक्या वर्षांत फुटलाय का?"

तिने तिथूनच हागेनला फोन लावला. "रजा टाक. आजच घरी ये." मग तिने कारण सांगितलं.

"इथे एवढी माणसं आहेत, ताई. मी एकटाच पळून येऊ?"

फोन ठेवून ती ढसाढसा रडली. मग कोट चढवून थेट सरकारी तपासणी कार्यालयात गेली आणि अधिकारी भेटेपर्यंत दारातून हलली नाही.

भट्टी थांबवली गेली. नव्या जाळ्यांचा खर्च मालकांना परवडेना. भट्टी पुन्हा सुरूच झाली नाही. परस्पर तक्रार केली म्हणून हाइडरूनचं काम सुटलं, भट्टी बंद म्हणून हागेनचंही.

त्यांच्या आईच्या वाढदिवसाला तो आला. मीही होतो. हाइडरूनने त्याच्या ताटलीत केक वाढला.

"तुझं गणित आधी चुकलं, मग बरोबर आलं," तो म्हणाला. "दोन्ही वेळा भरडलो मीच."

"हागेन, तू जिवंत आहेस रे!"

"हो. आधी गिरणी गेली, आता भट्टी. करू काय?"

तो उठून निघाला. ती चपलांशिवाय फाटकापर्यंत धावली. त्याने गाडी सुरू केली आणि तो निघून गेला.