नावांच्या ओळी

"ते दिसला गं. पन त्याचा काम काय?"

असं विचारून शेजारच्या आजी हातातलं सूप थांबवायच्या आणि उत्तर मिळेपर्यंत पाखडायच्या नाहीत. मी कडावजवळच्या शाळेत मराठी शिकवते. अलंकार आणि वृत्तं झोपेतून उठवून विचारा, व्याख्या तयार! पण त्या सुपासमोर नुसती व्याख्या पुरायची नाही.

आमच्या घरांची भिंत एकच होती. त्या धवळारीण. इथल्या शेतकऱ्यांच्या लग्नात मांडवापासून हळदीपर्यंत दर विधीला धवळे, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणून तो विधी पुढे नेणारी बाई. वाजंत्री नाही, कागद नाही, सगळं तोंडपाठ. मी घाटावरची, मला हे काहीच ठाऊक नव्हतं. साऱ्या गावाला मी टीचर, त्यांना मात्र नुसती 'गं'. त्यांना जाऊन आता दीड वर्ष होईल.

संध्याकाळी मी ओट्यावर बसून दहावीचा धडा मोठ्याने वाचायचे. "यमक म्हणजे ओळींच्या शेवटी सारखी अक्षरं येणं." की पलीकडून प्रश्न आलाच. "कानाला गोड लागतं," मी म्हटलं.

"गोड लागाला जिलबी हाय की! अगं, मागच्या बायांना कळाला नको, कुठं उचलायचा ते? शेवट वळखीचा आला का त्या उचलतात."

उपमेचंही तेच. नेरळच्या एका लग्नात कुणीतरी त्यांना सुचवलं, नवरीला चंद्र म्हणा. यांनी आधी नवरीच्या घरी चौकशी केली. आई म्हशी पाळते म्हटल्यावर पोरीला सायीची उपमा दिली. "आई लगेच रडाय लागली. चंद्राला कोन रडते गं?" आता तुम्हीच सांगा, हे कुठल्या गाईडात आहे? दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर नाव आणि व्याख्या यांच्या पुढे तिसरा रकाना काढला, 'काम'. मागच्या बाकावरची मुलंसुद्धा त्यात काही ना काही सांगायला लागली.

मग आजींचा दमा वाढला. डॉक्टरांनी गाणं बंद करायला सांगितलं आणि नेमकं तेव्हाच नातीचं लग्न ठरलं. त्यांचा मुलगा म्हणाला, "आये, डीजे लावू." त्या दोन दिवस जेवल्या नाहीत. "जल्मभर परक्यांच्या पोरींना गायली, नि माझे नातीला खोका गानार?" शेवटी मला म्हणाल्या, "तू लिव नि बायांना शिकव." मुलगा तयार झाला, पण अट घालून: गाणं अडलं की डीजे सुरू.

त्या हळू आवाजात सांगत गेल्या, मी लिहीत गेले. हळदीच्या धवळ्यात एकच ओळ वीस-बावीस वेळा आली. फक्त नाव वेगळं. "वाटीत हलद भिजली गं, सुमनकाकी ये गं." मग मावशी, मग आत्या, मग अमकी, मग तमकी. माझ्यातली मास्तरीण जागी झाली! लाल पेन घेतलं, दोन नावं ठेवली, बाकीच्यांवर काट मारली आणि समासात लिहिलं, 'पाल्हाळ'. काय सुटसुटीत झालं म्हणून सांगू! झेरॉक्स काढून बायांना वाटल्या. सराव देवळात केला. त्यांना तिथवर चालवत नव्हतं, त्यामुळे काहीच कळलं नाही.

हळदीच्या दिवशी दुपारी चारला आम्ही सुरू केलं. सुमनकाकीचं नाव आलं, तिने उठून हळद लावली. मावशीचं आलं, तिने लावली. आणि धवळा संपला. नवरीची मामी वाटीत बोटं बुडवून तशीच उभी. नाव आल्याशिवाय पुढे जायचं नाही, ही इथली रीत.

"माझा नाव?" मामीने विचारलं.

मुलगा डीजेकडे निघाला. ज्याला मी पाल्हाळ म्हटलं, त्या ओळी म्हणजे एकेका बाईला दिलेली हाक होती, आणि मी गावातल्या वीस बाया लाल पेनाने कापून टाकल्या होत्या. लाजेने मेल्यासारखं झालं.

मी आजींकडे पाहिलं. खुर्चीत धापा टाकत बसल्या होत्या. रागावल्या नाहीत. नुसतं बोट हवेत गोल फिरवलं. म्हणजे, तीच ओळ फिरव.

माझा आवाज म्हणजे तुटका पत्रा, तरी काढला. "वाटीत हलद भिजली गं, मामी ये गं." बायांनी मागून उचललं. मामी पुढे गेली. मग आत्या, चुलती, शेजारीण, एकेक करून साऱ्या. आजी बोटांवर मोजून कोण राहिलं ते खुणेने सांगत होत्या. मुलगा मांडवाच्या खांबाशी थांबला.

सगळी नावं झाली. आता कागद ठेवणार, तेवढ्यात पिवळ्या तोंडाची नवरीच गायला लागली.

"वाटीत हलद भिजली गं, आजी ये गं."

बायांनी ओळ उचलली नाही. धवळ्यात सवाष्णींचीच नावं घेतात. आजी तरुणपणीच विधवा झालेल्या. हजार बायांना त्यांनी नाव घेऊन बोलावलं असेल, पण स्वतः कधी कुणाच्या हळदीला हात लावला नव्हता.

"नाय गं पोरी, मला नको त्यात," त्यांनी मान हलवली.

पण बोलावलेली बाई आल्याखेरीज ओळ पुढे जात नाही. आम्ही ती पुन्हा म्हटली. पुन्हा त्यांनी मान हलवली. आम्ही पुन्हा म्हटली. मामीचा आवाज रडवेला झाला होता. चौथ्या वेळी खांबापाशी उभा असलेला मुलगाही आमच्यात म्हणायला लागला, "आये, ये गं."

त्या खुर्चीचा हात धरून उठल्या. वाटीपर्यंत पोचायला त्यांना बराच वेळ लागला, दोनदा थांबून श्वास घ्यावा लागला. तोवर आम्ही ती ओळ म्हणत राहिलो.