चोरीचा श्वास

माझ्या वडिलांचा श्वास ऐकू येईनासा झाला, तेव्हा मी आधी कापसाची काडी शोधली. कान साफ केले आणि पुन्हा ऐकलं. तारपा तसाच वाजत होता, सूर जागच्या जागी होते, श्वास मात्र नव्हता. 

हे जरा नीट सांगायला हवं. वडील गावी, पोशेऱ्याला असतात आणि ठणठणीत आहेत. दात पडल्यामुळे आता वाजवत नाहीत, पण उमेदीत त्यांचा तारपा सुरू झाला की नाचाचा फेर थांबत नसे. भोपळ्याच्या या वाद्यात फुंक एकदा सुरू झाली की तुटता कामा नये. वाजवणारा गालात हवा धरून ठेवतो आणि ती सुटते आहे तोवर नाकाने नवी ओढून घेतो. आमच्या घरात त्याला चोरीचा श्वास म्हणत. "नाचनाऱ्याला समजला तं वाजवनारा कसला?" असं वडील म्हणायचे. नाचणाऱ्यांना तो कधी समजला नाही. पण काही वर्षांपूर्वी एका अभ्यासकाने चांगला माइक जवळ ठेवून त्यांचं वादन रेकॉर्ड केलं, आम्हाला सीडी दिली, आणि तीत चोरी पकडली गेली. सुरांच्या मागे दर थोड्या वेळाने एक हलकासा 'स्स'. जव्हारच्या माझ्या घरी मोठा अ‍ॅम्प्लिफायर आणि लाकडी खोक्याचे दोन स्पीकर आहेत, ही माझी एकुलती एक चैन. रविवारी दुपारी सीडी लावायची आणि त्या 'स्स'ची वाट बघत बसायचं.

मग प्लेअर डिस्क वाचेनासा झाला. नाशिकला शिकणारी लेक सुट्टीत आली होती. तिने सीडी लॅपटॉपवर उतरवली, मोबाइलमध्ये घातली आणि अ‍ॅम्प्लिफायरला ब्लूटूथची डबी जोडून दिली. "आई, आवाज तोच आहे, फक्त प्लेअर नाही," म्हणाली आणि गेली. पहिल्याच रविवारी ऐकायला बसले, तर हे असं.

आधी यंत्रावर संशय यायला हवा होता, कुणीही म्हणेल. पण वडिलांना पन्नाशीच्या आतच कमी ऐकू यायला लागलं होतं आणि मी एकोणपन्नासची आहे. शिवाय मी नर्स आहे, मोखाड्याकडच्या एका आरोग्य केंद्रात बाळंतपणं करते. बाईच्या पोटावर नळी टेकवून बाळाचे ठोके मोजणं हे माझं काम. मशीन आहे, पण मी आधी कानानेच ऐकते, आणि त्याचा मला माज होता, खोटं कशाला बोलू. त्या सोमवारपासून तो उतरला. एकदा मोजायचे, पुन्हा मोजायचे, मग मशीन लावायचे. आकडे जुळायचे, तरी पुन्हा नळी टेकवायचे. एक पहिलटकरीण घाबरून म्हणाली, "काय झाला सिस्टर, बाळ नीट हाय ना?" बाळ नीट होतं. बिघाड माझ्यात होता आणि तो कुणाला सांगायची माझी तयारी नव्हती. घरी कुकर, घड्याळ, पाल, सगळ्यांची परीक्षा घेत फिरायचे. नवरा हळू बोलला तर चिडायचे, मोठ्याने बोलला तर जास्तच चिडायचे.

शेवटी बाजारात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या चाचांच्या दुकानात गेले आणि सगळं सांगितलं. गावातले रेडिओ, टेप, स्पीकर सगळे त्यांच्याच हातून गेलेले. नुसतं ऐकून बिघाड सांगणारा माणूस म्हणून त्यांची ख्याती.

"सिस्टर, डिजिटल है ये," चाचा म्हणाले. "शून्य आणि एक. आला तर पूरा येईल, नाहीतर येणारच नाही. श्वास तेवढा कसा गळून पडेल?"

"म्हणजे माझे कान गेले?"

"तसं मी कुठे बोललो?"

बोलले नव्हते. मी मात्र तेच ऐकून घरी आले आणि भाजी चिरताना रडले.

पुढच्या आठवड्यात लेकीला फोनवर सहज विचारल्यासारखं विचारलं. ती खुशीत म्हणाली, "अगं, मागे सारखी खरखर येत होती ना, ती मी अ‍ॅपने काढून टाकली. फाइलपण केवढी मोठी होती, ती लहान केली. किती क्लीन झालंय!" पोरीने आजोबांचा श्वास खरखर समजून पुसला होता! मी तिच्यावर भरपूर ओरडले, आणि ओरडताना आतून नाचत होते. फोन ठेवल्यावर पुन्हा भीती वाटू लागली. फाइलने श्वास खाल्ला असेल, पण थोडा माझ्या कानांनीही खाल्ला नसेल कशावरून?

रविवारी मी बोलावलं म्हणून चाचा लॅपटॉप आणि सामान घेऊन घरी आले. त्यांनी डिस्क जशीच्या तशी, काही न काढता, न आवळता, उतरवून घेतली. ती आधी ब्लूटूथवरून लावली. श्वास असल्यासारखा वाटला, नसल्यासारखाही. 

"ब्लूटूथ आवाज परत आवळून लहान करतं," चाचा पुटपुटले. त्यांनी डबी काढली आणि लॅपटॉप व अ‍ॅम्प्लिफायरच्या मध्ये वायरने एक छोटं खोकं जोडलं. लॅपटॉपमधल्या आकड्यांचा आवाज करायचं काम आता ते खोकं करणार होतं.

तारपा सुरू झाला. आणि 'स्स'.

"आला!" मी ओरडलेच. जुन्या प्लेअरवरही तो इतका स्पष्ट नव्हता. वडील शेजारच्या खुर्चीवर बसल्यासारखे वाटले. माझ्या जिवात जीव आला.

"हां, साफ आला. मी बोललो नव्हतो का?" चाचा हसले. ते नेमकं उलट बोलले होते, पण भांडायला मला सवड नव्हती.

"थांबा, आता परत येईल," मी म्हणाले.

चाचांनी थोड्या वेळाने मान डोलावली. "हा बघा."

तिथे श्वास नव्हता. तो त्यानंतर आला, आणि तेव्हा चाचा नुसते बसून होते. पुढच्या वेळी मी हसले, तशी त्यांची मान हलली. ते माझा चेहरा बघत होते. मी मुद्दाम खिडकीकडे तोंड केलं आणि काचेत त्यांना पाहत राहिले. श्वास आला, गेला. चाचा हलले नाहीत.

त्यांना ते कळलं. त्यांनी हात लांब करून आवाज बंद केला.

"बारीक आवाज गेलेत माझे, सिस्टर," ते खाली बघत म्हणाले. "दोन साल झाले. मीटरचा काटा बघून काम करतो. दुकानात कोणाला मालूम नाही." मग म्हणाले, "कानाचे डॉक्टर कुठल्या वारी बसतात?"

"बुधवारी, दहा वाजता," मी लगेच सांगितलं.

इतकं तोंडपाठ कसं, म्हणून चाचांनी चमकून वर पाहिलं. मी दोन बुधवार त्या दारापर्यंत जाऊन परत आले होते.

"मीही येते," मी म्हणाले. "दोघंही दाखवून घेऊ."