गव्हाणीजवळ एकही बाई नव्हती

एका जागी बसणं माझ्या स्वभावातच नाही. पण त्या डिसेंबरात मी जितक्या येरझाऱ्या घातल्या, तितक्या पुन्हा कधी घातल्या नाहीत. नववा महिना लागलेला, आणि मी दिवसातून दोनदा उंद्रीच्या एस.टी. थांब्यावर जायची. मोटारीतून कोण उतरतं ते बघायची आणि हात हलवत परत यायची. माझं माहेर धामणगाव बढ्याचं. वडील किंवा भाऊ, कुणीतरी मला बाळंतपणाला न्यायला येणार होतं. दोन पत्रं टाकून झाली होती. आई जाऊन चार वर्षं झाली होती, घरात सावत्र आई आली होती, आणि पत्रांना उत्तर नव्हतं.

सासूबाईंचं म्हणणं सरळ होतं. "पह्यलं बाळंतपण माहेरचं. उद्या काही कमीजास्त झालं त बोल कोनाले लागन? मलेच नं?"

वेळ आलीच तर गोठ्यातला कोपरा होता. माजघरात बाळंतपणाचा विटाळ नको, म्हणून त्यांची स्वतःची धाकटी दोन्ही मुलं तिथंच झाली होती. दोन बैल, एक गाय आणि भिंतीला उभी केलेली बाज. मला त्या कोपऱ्याची भीती वाटायची. जनावरांची नाही, तिथं एकटीनं पडून राहण्याची.

नवरा शाळामास्तर. नवं राज्य होऊन वर्षही झालं नव्हतं आणि खानेसुमारी तोंडावर आली होती. त्या कामाला मास्तरांना जुंपलं होतं, त्यामुळे तो आठवड्यातून एकदा घरी दिसे. "गावोगावची माणसं मोजा," मी त्याला म्हटलं, "पण तुमच्या घरातलं नवं माणूस कुठं जन्मणार, ते कोण ठरवणार?" तो म्हणाला, "आईले विचार." मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा फिरतीवर गेला, त्यामुळे माझ्या अबोल्याचा काही उपयोग झाला नाही.

गावातल्या दवाखान्याची नर्सबाई जालन्याकडची होती, चाळिशीची, एकटी. गावात ख्रिस्ती अशी तीच एक. नाताळच्या दिवशी तिनं आमच्या आळीतल्या बायकांना फराळाला बोलावलं. सासूबाईंचा हात भाजला होता तेव्हा तिनं महिनाभर रोज घरी येऊन पट्टी बदलली होती, म्हणून त्याही आल्या. करंजी मात्र त्यांनी तोंडात न घालता पदरात बांधली. नर्सबाईनं ते पाहिलं आणि पाहिलंच नाही असं केलं.

खोलीच्या कोपऱ्यात तिनं गोठा मांडला होता. कडब्याचं छप्पर, काळ्या मातीची गाय, चार मेंढ्या, आणि मधल्या गव्हाणीत बोटभर लांबीचं बाळ. मी दाराजवळ बसले. दुपारची मोटार यायची होती.

"बादशहाचा हुकूम निघाला," नर्सबाई सांगू लागली, "सगळ्यांची खानेसुमारी करायची. ज्यानं त्यानं आपल्या मूळ गावी जाऊन नाव लिहवायचं."

बायका माझ्याकडे बघून हसल्या. गोष्टीतल्या मरियेला घेऊन तिचा नवरा निघाला, तिचे दिवस भरलेले, उतरायच्या जागी गर्दी, जागाच नाही. मग गोठा, आणि बाळ गव्हाणीत. ही खबर पहिल्यांदा मिळाली ती रानात मेंढ्या राखणाऱ्या धनगरांना. राजाला नाही, पुजाऱ्यालाही नाही.

गोठ्याचं कुणालाच नवल वाटलं नाही. एकीनं विचारलं, "तिथी कोनती?"

"पुस्तकात तिथी नाही," नर्सबाई म्हणाली. "ही तारीख पुढं तीन-चारशे वर्षांनी धरली. ऐन थंडीत, दिवस मोठा व्हायला लागतो तेव्हा. उजेड आला, असं सांगायला. आमचे पाद्रीसाहेब असंच सांगायचे."

"जन्माची तिथीच ठाऊक नाही, तर वाढदिवस कसला?" मी फटकन बोलले. माझं डोकं त्या दिवशी ठिकाणावर नव्हतं.

ती रागावली नाही. म्हणाली, "तारखेचं राहू दे गं. तो आला, हे खरं. आणि कसा आला बघ. देवाला हत्यार घेऊन येता आलं असतं. पण तो आला तान्हा होऊन. कुणीतरी मान धरली तरच जगेल, असा. आमचा नाताळ म्हणजे एवढंच."

तेवढ्यात मोटारीचा भोंगा वाजला. मी उठून चालू लागले. मागून कुणीतरी "अवं, हळू" म्हणालं. थांब्यावर मिरच्यांची दोन पोती उतरली आणि एक म्हातारा उतरला. मोटार चिखलीकडे निघून गेली. मी तिथंच दगडावर बसून रडले. वडिलांचा इतका राग आला होता की त्यांचं तोंडही बघू नये असं वाटत होतं, आणि तरी ते यावेत असंही वाटत होतं.

परत आले तेव्हा बायका उठायच्या बेतात होत्या. सासूबाई मात्र त्या मातीच्या गोठ्यासमोर बसल्या होत्या.

"त्या मरियेची माय कुठी होती?" त्यांनी विचारलं.

"दूर, तिच्या गावाला."

"अन् सासू?"

"पुस्तकात नाही, मावशी."

"पानी तापवाले, नाळ कापाले, कोनी बाईमानूस?"

"पुस्तकात कुणाचंच नाव नाही."

"गावभर मानसं, अन् एक बाई उठली नाही?" सासूबाई चिडल्याच. दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे त्यांनी एकदा पाहिलं. माझे डोळे सुजलेले असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी थांब्यावर जायला निघाले, तर माजघरातून पोती ओढल्याचा आवाज आला. सासूबाई गड्याकडून ज्वारीची पोती ओसरीवर काढून घेत होत्या. जमीन शेणानं सारवायला घेतलेली. गोठ्यातली बाज धुऊन उन्हात टाकलेली.

"कुठी चालली?" त्या म्हणाल्या.

"मोटार..."

"येऊ दे नाही त जाऊ दे. घरात जागा नाही काय? काऊन उभी राह्यली? बस."

"आत्याबाई, पण विटाळ..."

"मंग सारवीन पुन्हा. हात हायेत मले."

मी बसले. महिन्याभरात पहिल्यांदाच मोटारीचा भोंगा ऐकून उठले नाही. उठावंसं वाटलं, खोटं कशाला सांगू? पण उठले नाही.

माहेरहून कुणी आलं नाही. पाचव्या दिवशी पहाटे कळा सुरू झाल्या आणि दुपारी माजघरात मला मुलगी झाली. सगळा वेळ माझं डोकं सासूबाईंच्या मांडीवर होतं. त्यांच्या हाताला मी नखं रुतवली होती, त्याच भाजलेल्या हाताला. नर्सबाईनं बाळ पुसलं, कपड्यात गुंडाळलं आणि त्यांच्याकडे दिलं. "मावशी, मान धरा."

सासूबाईंनी मान धरली. नातीवरची नजर न हलवता म्हणाल्या, "बाई, तुह्या पुस्तकात लिहून ठेव. इथी सासू होती म्हना."